ग्राफिक्स कार्डावर कापसाची धूळ गच्च बसलीय, घरी साफ करता येईल का?

धोटा:

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लावतेय, पण परिस्थिती सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमचं घर इचलकरंजीत. खाली आण्णांचे आठ साधे माग, वर माडीवर आम्ही राहतो. माझी कामाची खोली जिन्याला लागूनच आहे. कोल्हापूर-सांगलीच्या दोन आर्किटेक्टना मी घरांचे थ्रीडी देखावे करून देते, सगळं ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरवर. कॉम्प्युटर २०२० च्या दिवाळीत जुळवून घेतला. त्यात जीटीएक्स १६६० सुपर, ६ जीबी, दोन पंख्यांचं कार्ड आहे. तेव्हा २१ हजारांना पडलं होतं. पहिल्या दोन कामांचे पैसे आणि भिशीचा नंबर लागला ते, असं मिळून घेतलेलं. त्यामुळे त्याला हात लावायचा म्हटलं तरी पोटात गोळा येतो.

गेल्या दीड महिन्यापासून रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरला चित्रं तयार करायला, लावलं की पाच मिनिटांत पंखे ओरडायला लागतात. खाली मागांचा खडखडाट चालू असतानाही वर तो आवाज वेगळा ऐकू येतो. मग मोजून बघितलं. तापमान ८४, पंखे १०० टक्के, आणि सुरुवातीला १८०० च्या वर असलेला क्लॉक, म्हणजे कार्डाच्या कामाचा वेग, घसरत १३५० पर्यंत येतो. जी फ्रेम, म्हणजे एक चित्र, ३ मिनिटं २० सेकंदांत व्हायची तिला आता साडेचार मिनिटं लागतात. ३०० फ्रेमचा वॉकथ्रू, म्हणजे घरातून फिरवून आणणारा व्हिडिओ, रात्री आठला लावला की दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला हातात यायचा, तो आता दिवेलागणीला येतो. एक काम त्यापायी उशिरा गेलं आणि बोलणी खावी लागली.

बाजूचं झाकण काढून टॉर्च मारला. पंख्याच्या पात्यांच्या मागे पांढरट-करडा थर आहे, जुन्या गादीतल्या कापसासारखा. वर्षातून एकदा दिवाळीला बाहेरून फडक्यानं पुसत होते, आत कधी बघितलंच नव्हतं.

गावातल्या एका दुकानात नेऊन दाखवला. त्यांनी न उघडताच सांगितलं की कार्ड जुनं झालं, आता नवीन घ्या. मला ते पटलं नाही. आण्णा म्हणतात, "खाली माग झाडायला कंप्रेसर आहे की. नळी आणतो वर, दोन मिनिटांत मोकळं करतो." मी त्यांना थांबवून ठेवलंय.

तर विचारायचं असं, की कंप्रेसरची हवा मारू का? कार्ड बाहेर काढावंच लागेल का? मी आजवर रॅमसुद्धा काढलेली नाही. आणि ती थर्मल पेस्ट की काय म्हणतात ती बदलावी लागेल का?

---

हमरस्ता:

मी पाच वर्षं गॅरेजच्या हवेनंच साफ करतोय, काही झालेलं नाही. झाकण काढायचं, दोन हात लांबून मारायची, झालं काम. आण्णांचं ऐका.

---

तांब्याची तार:

ताई, आण्णांना थांबवलंत ते बरं केलंत. हमरस्ता, तुमचं नशीब चांगलं आणि तुमची धूळ साधी, म्हणून निभावलं. यांची धूळ वेगळी आहे.

मी जळगावात कॉम्प्युटर दुरुस्ती करतो, जिनिंगच्या वजनकाट्यावरचे कॉम्प्युटर दर हंगामाला माझ्याकडे येतात. त्यामुळे कापूस बसलेली मशिनं भरपूर पाहिली आहेत. रस्त्याची माती फुंकर मारली की उडते. कापसाचे तंतू एकमेकांत अडकतात, त्यांचा नमदा तयार होतो. हवा जाते ती त्या नमद्याला दाबत. कार्डाचे पंखे हवा आत, चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पातळ पत्र्यांवर ढकलतात, म्हणजे थर बसतो तो पंखे आणि पत्र्या यांच्या मधे. तुम्ही पंख्याच्या बाजूनं जोरात हवा मारली की तोच थर पत्र्यांच्या फटींत आणखी घट्ट बसणार. दिसायला वरून स्वच्छ, आणि तापमान होतं तिथंच.

कंप्रेसरची दुसरी अडचण पाण्याची. हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साचते, वर थोडं तेलही येतं. विश्वास बसत नसेल तर टाकीच्या तळाचा कॉक आण्णांनाच उघडायला सांगा, खाली पांढरी बादली धरा. तिसरी म्हणजे दाब. एवढ्या दाबाची हवा पंख्यावर पडली तर तो त्याच्या ताकदीबाहेर फिरतो. बेअरिंग जाऊ शकतं, आणि फिरता पंखा स्वतःच वीज तयार करून उलटी बोर्डाकडे पाठवू शकतो. म्हणून हवा कुठलीही असो, पातं बोटानं धरल्याशिवाय मारायची नाही. हे एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं.

कार्ड बाहेर काढा. अवघड नाही. कॉम्प्युटर बंद करा, मागचं बटण बंद, वायर भिंतीतून काढा, मग पुढचं चालू करायचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत राहिलेली वीज उतरते. मॉनिटरची वायर काढा. कार्डावर आठ पिनांचा पॉवरचा कनेक्टर असेल, त्याच्या खाचेवर अंगठा दाबून कनेक्टरला धरून ओढा, वायरींना नाही. मागच्या पट्टीचे स्क्रू काढा. आणि आता खरी जागा: कार्ड ज्या खाचेत बसतं त्या स्लॉटच्या मागच्या टोकाला एक छोटा प्लॅस्टिकचा खटका असतो, कार्डाखाली लपलेला. तो दाबल्याशिवाय कार्ड ओढायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या मोडक्या स्लॉटांपैकी बहुतेक इथंच मोडलेले असतात. बोट पोचत नसेल तर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाबा. कार्ड दोन्ही कडांना धरून सरळ वर घ्या, सोनेरी पट्ट्यांना हात नको.

सतरंजीवर, गादीवर ठेवू नका. लाकडी टेबल घ्या. अंगात सुती कपडे असू द्या, नायलॉनची ओढणी बाजूला ठेवा, आणि कामाला लागण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावा. स्थिर विजेचा झटका तुम्हाला जाणवणारही नाही, चिपला जाणवतो.

मग एक मऊ केसांचा कोरा रंगाचा ब्रश, एक चिमटा, लाकडी काडी. पंख्यांच्या पात्यांमधून आधी चिमट्यानं थराचं टोक पकडून बघा. नमदा असेल तर तो अख्खा ओढून येतो. उरलेलं ब्रशनं. हवा शेवटी, हँड ब्लोअरची, सगळ्यात कमी वेगावर, फूटभर अंतरावरून, आणि पंख्याच्या बाजूनं नाही तर कडेच्या उघड्या फटींमधून, म्हणजे ज्या वाटेनं आत आलं त्याच वाटेनं बाहेर पडेल. ब्लोअर कुणा इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी मिळेल. व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीच्या तोंडाशी स्थिर वीज तयार होते.

पात्यांवर चिकट काळं बसलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला कापडी तुकडा. काच पुसायचा निळा स्प्रे नाही, थिनर नाही, पेट्रोल तर अजिबात नाही.

पेस्टचं, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्या मधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचं, नंतर बघू. आधी धूळ काढा, मोजा, मग ठरवा. कार्ड वाईट नाही, त्याचा श्वास कोंडलाय.

---

धोटा:

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, खरंच मनापासून आभार. मी ते कागदावर उतरवून घेतलं.

काल आण्णांना तुमचं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, खाली गेले आणि बादली घेऊन कॉक उघडला. पावशेर तरी पाणी आलं, गुळाच्या पाण्यासारखं तांबूस, वर तेलाची साय. बराच वेळ बादलीकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "हे मी मागाच्या मोटारीवर मारत होतो होय." आता रोज संध्याकाळी कॉक सोडायचं ठरवलंय त्यांनी.

दोन शंका. पंखे न काढता चिमटा आत किती जाईल? माझ्या कार्डाच्या पाठीवर मधोमध चार स्प्रिंगवाले स्क्रू आहेत आणि कडेनं चार बारीक. कुठले काढू? आणि पॉवर सप्लायमध्येही जाळीतून कापूस दिसतोय, तो उघडू का?

---

खारा वारा:

मी मालवणचा, आमच्याकडे धूळ कमी आणि मीठ जास्त. एक सांगतो. कार्ड बाहेर काढलंच आहे तर सोनेरी पट्ट्या उजेडात तिरक्या धरून बघा. आमच्याकडे त्यांवर काळसर डाग पडतात आणि मग मॉनिटरवर अधूनमधून चित्र जातं. लोक खोडरबर घासतात, मीही घासायचो. त्यानं चमक येते पण सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, तो दर वेळी थोडा झिजतो, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच. आता मी फक्त आयसोप्रोपिल आणि सुती कापड वापरतो, एकाच दिशेनं पुसतो. पावसाळ्यात पुसल्यावर अर्धा तास तरी वाळू द्या, घाई नको.

---

तांब्याची तार:

खारा वारा यांचं बरोबर आहे, खोडरबर माझ्या दुकानातून मी कधीच हद्दपार केला.

ताई, मधले चार स्प्रिंगवाले सोडा. ते चिपवर हीटसिंक दाबून धरतात. ते काढले की पेस्टचा थर तुटतो, मग नवीन पेस्ट लावावीच लागते. शिवाय मेमरीवरचे मऊ पॅड फाटले तर त्याच जाडीचे आणावे लागतात, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही. कडेचे बारीक चार बहुतेक पंख्यांच्या प्लॅस्टिकचे असतील. ते काढून प्लॅस्टिक फक्त बोटभर उचला, एकदम ओढू नका. पंख्यांची बारीक वायर बोर्डाला जोडलेली असते. तिचा कनेक्टर नखानं किंवा चिमट्यानं हळू सोडवा. उचलताना हीटसिंकही सोबत यायला लागला तर थांबा आणि इथे लिहा. कुठला स्क्रू कुठला ते कागदावर चित्र काढून त्यावर ठेवा.

पॉवर सप्लाय अजिबात उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते. बाहेरून, जाळीतून, काडीनं पंखा अडवून ब्लोअर मारा, तेवढंच. पण मारा नक्की, कारण कापूस पेट घेतो, आणि सप्लायच्या आत तो साठू देणं मला कधीच पटत नाही.

---

धोटा:

आज मागांना सुट्टी होती, खाली शांत, म्हणून आजच बसले. शेजारच्या वायरमनकाकांचा ब्लोअर आणला. गच्चीवर उजेडात पाट मांडला.

खटका सापडायलाच दहा मिनिटं लागली. पेन्सिलीनं दाबला, टक् झालं, आणि कार्ड हातात आलं. वजनाला वाटलं त्यापेक्षा जड.

कडेचे चार स्क्रू काढले, प्लॅस्टिक बोटभर उचललं, वायर सोडवली. हीटसिंक जागेवरच राहिला. आणि दादा, पंख्यांच्या खाली जे होतं ते मी फोटो न काढता सांगूच शकत नाही, तरी सांगते. तळहाताएवढा करडा नमदा, घोंगडीच्या तुकड्यासारखा. चिमट्यानं एका कोपऱ्यात धरून उचलला तर सगळा एका तुकड्यात सोलून आला. उलटा केला तर खालच्या बाजूला हीटसिंकच्या पत्र्यांच्या बारीक रेघा उमटलेल्या होत्या, एकीला लागून एक, फणीसारख्या. त्यात निळ्या सुताचा एक धागा होता. आण्णांनी तो ओढून काढला, बोटांत चोळला आणि म्हणाले, हा दोन वर्षांपूर्वीच्या शर्टिंगच्या ऑर्डरचा. तेवढ्यानं मला कळलं की हे किती दिवसांचं साठलंय.

खाली पत्र्या लख्ख होत्या. म्हणजे धूळ वरच अडली होती, आत फार गेली नव्हती. कंप्रेसर मारला असता तर ती सगळी आत गेली असती, हे आण्णा स्वतःच बोलले.

बाकी ब्रश, कडेनं ब्लोअर, पात्यांना अल्कोहोल. पट्ट्या स्वच्छच होत्या, तरी पुसल्या. सप्लायच्या जाळीतूनही मूठभर कापूस आला. सगळं जोडलं, चालू केलं, चित्र आलं, आणि मग माझा जीव गेला. कार्डाचे दोन्ही पंखे बंद! आधी ते कधीही बघितलं तरी फिरत असायचे. वायर लावताना तोडली का मी? कनेक्टर परत बघितला, घट्ट बसलाय. कॉम्प्युटर बंद करून बसलेय. कृपया लवकर सांगा.

---

तांब्याची तार:

घाबरू नका ताई, बहुतेक काहीही तुटलेलं नाही. चालू करा आणि नुसतं बसल्यावर तापमान किती दाखवतं ते बघा. आधी किती असायचं?

---

धोटा:

आधी काहीच न करता ५८ ते ६२. आता ४३.

---

तांब्याची तार:

मग हेच. अशा पुष्कळ कार्डांत ठरावीक तापमानाच्या खाली पंखे थांबवण्याची सोय असते, साधारण पन्नास-साठच्या आसपास. तुमचं कार्ड नुसतं बसूनच साठाला टेकायचं, त्यामुळे पंख्यांना थांबायची वेळच येत नव्हती. नवं होतं तेव्हाही ते थांबत असणार, तुम्ही विसरला असाल. एक फ्रेम रेंडरला लावा आणि कॅबिनेटमध्ये टॉर्च मारून बघत राहा. पंखे फिरायला हवेत. तापमान ७५ च्या पुढे गेलं आणि तरी फिरले नाहीत तर लगेच बंद करा.

---

धोटा:

फिरले! ५५ ला पहिला, मागोमाग दुसरा. डोळ्यांत पाणी आलं हो.

वीस मिनिटं सलग चालवलं. तापमान ६९ वर जाऊन थांबलं, पंखे ६० टक्क्यांच्या आत, क्लॉक १८०० च्या खाली आलाच नाही. फ्रेम ३ मिनिटं १५ सेकंदांत. पूर्वीपेक्षाही पाच सेकंद कमी.

हॉटस्पॉट म्हणून एक आकडा दिसतो, तो ८० आहे. तो ठीक आहे ना? आणि आता हे परत होऊ नये म्हणून काय करू? माग तर बंद करता येणार नाहीत.

---

तांब्याची तार:

ठीक आहे. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा. ती आणि नेहमीचं तापमान या दोन्हींत दहा-पंधराचा फरक असतोच. तो वीस-पंचवीसच्या पुढे गेला तर पेस्ट वाळली समजा, तेव्हा या. आज गरज नाही, चालत्या गाडीचं इंजिन खोलू नका.

कॅबिनेट जमिनीवर असेल तर आधी वर घ्या, निदान गुडघाभर. कापूस जमिनीलगत सरकत येतो. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त असू द्या आणि आत घेणाऱ्यांवर जाळी लावा. म्हणजे हवा फटींतून बाहेरच ढकलली जाईल, आत ओढली जाणार नाही. जाळी घट्ट विणीची नको, तुमच्याकडे ती दोन दिवसांत बंद होईल आणि कॉम्प्युटर पुन्हा गुदमरेल. मच्छरदाणीची चालेल, तंतू तिच्यावर अडकतात. आठवड्याला काढून झटका. आणि जिन्याचं दार लावून घ्या.

---

हमरस्ता:

आज गॅरेजवाल्याला टाकीचा कॉक उघडायला लावला. यापुढे ब्लोअरच. धन्यवाद दादा.

---

धोटा:

आठ दिवसांनी लिहितेय. जिन्याच्या दाराला आण्णांनी खालून रबराची पट्टी मारली. आईच्या जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापून पुढच्या पंख्यांवर लावला, चार बाजूंनी लोहचुंबकाच्या पट्ट्या, म्हणजे ओढला की निघतो. कॅबिनेट आता शिवणमशिनच्या जुन्या टेबलावर आहे. आज जाळी काढली तर तिच्यावर दुधाच्या सायीएवढा पांढरा थर होता. आत टॉर्च मारला, पत्र्या अजून चमकतायत.

काल रात्री आठला सांगलीच्या बंगल्याचं काम लावलं होतं, ३०० फ्रेम. आज दुपारी सव्वाबाराला शेवटची फ्रेम पडली. पाठवून दिलं, आता जेवायला बसतेय.